बातम्या वाचायला फीड रीडर: घेताना काय बघायचं?

नमस्कार मंडळी!

लासलगाव-पिंपळगावकडच्या एखाद्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये डोकावा. ‘कांदा निर्यातबंदी उठली’ हा मेसेज अजूनही अधूनमधून फिरतो. उठली, खरंय. पण कधी? बंदी लागली ८ डिसेंबर २०२३ ला, उठली ४ मे २०२४ ला. त्यानंतरही निर्यात शुल्क होतंच. त्यातलं उरलेलं २० टक्के गेलं १ एप्रिल २०२५ पासून. फॉरवर्डवर यातली एक तरी तारीख दिसते का? नाही. आणि माल काढायचा की चाळीत ठेवायचा, हे तर तारखेवरच ठरतं.

म्हणून आजचा विषय: आरएसएस फीड, आणि ती वाचायला कुठलं अ‍ॅप घ्यायचं.

फीड म्हणजे वेबसाइटने ठेवलेली एक साधी फाइल. त्यात मथळा, लिंक, थोडा मजकूर आणि बहुतेक वेळा प्रसिद्ध झाल्याची तारीख. रीडर अ‍ॅप ठरावीक वेळाने ती फाइल तपासतं आणि नवीन असेल तेवढं तुमच्यापुढे ठेवतं. ‘तुम्हाला हेही आवडेल’ वगैरे भानगड मुळात नाही. १९९९ पासूनचं तंत्र आहे, पॉडकास्ट आजही यावरच चालतात.

आता अ‍ॅप. माझ्या मते पहिला प्रश्न दिसायला कसं आहे हा नाहीच. उद्या हे बंद पडलं तर माझी फीडची यादी बाहेर काढता येईल का, हा आहे. गुगलचं फीड वाचायचं अ‍ॅप, गुगल रीडर, आठवतंय? चांगलं चालू होतं, लोकांच्या हाताला बसलेलं होतं, आणि १ जुलै २०१३ ला गुगलने ते बंद केलं. ज्यांनी आपली यादी ओपीएमएल फाइलमध्ये (फीडची यादी एका अ‍ॅपमधून दुसऱ्यात न्यायची फाइल) उतरवून घेतली, ते दुसऱ्या अ‍ॅपमध्ये जाऊन पुन्हा वाचायला लागले. तेव्हा सेटिंगमध्ये ‘एक्स्पोर्ट ओपीएमएल’ शोधा. नसेल तर ते अ‍ॅप कितीही देखणं असो, सोडून द्या.

दुसरं, फोन एकच आहे की ऑफिसात कॉम्प्युटरवरही वाचता? नाशिकच्या सातपूर-अंबडला कारखान्यात शिफ्ट करणाऱ्याला फोन पुरे. अँड्रॉइडवर ‘फीडर’ घ्या: फुकट, ओपन सोर्स, खातं उघडावं लागत नाही. आयफोन किंवा मॅक असेल तर ‘नेटन्यूजवायर’, तेही फुकट. फोनवर वाचलेलं कॉम्प्युटरवरही ‘वाचलेलं’ दिसायला हवं असेल, तर ‘फीडली’ किंवा ‘इनोरीडर’. दोन्हींचा फुकट प्लॅन आहे, पण फीडच्या संख्येला मर्यादा असते. पैसे लगेच भरू नका. पहिल्या महिन्यात दहा-पंधरा फीडच्या वर कोणी जात नाही, गेलात तर वाचणार कधी?

मराठी वाचणाऱ्यांसाठी एक खास चाचणी. अ‍ॅपच्या सर्चमध्ये ‘द्राक्ष’ किंवा ‘डावण्या’ (द्राक्षावरचा रोग) टाकून बघा, जोडाक्षरं नीट दिसतात का, शोध लागतो का. काही अ‍ॅप इथेच आपटतात. काही साइट फीडमध्ये मथळा आणि दोन ओळीच देतात, तो दोष मात्र अ‍ॅपचा नाही.

फीड सापडत नाही? साइटचा पत्ता रीडरमध्ये पेस्ट करा, बहुतेक वेळा तो स्वतः शोधतो. वर्डप्रेसची साइट असेल तर पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ आणि इंग्रजीत फीड (/feed) लिहून बघा. पीआयबी (केंद्र सरकारचं पत्र सूचना कार्यालय) आणि रिझर्व्ह बँक यांच्याही फीड आहेत. सरकारी निर्णय थेट तिथून घेतलेला बरा. यूट्यूब चॅनेलचीही फीड असते. म्हणजे आमचं चॅनेल सबस्क्राइब न करताही बघता येतं, हे सांगून मी माझ्याच पायावर धोंडा मारून घेतोय!

आणि न वाचलेल्यांचा आकडा तीनशेवर गेला की घाबरू नका. ‘सगळं वाचलं’ असं बटण असतं, खुशाल दाबा.