दर चार वर्षांनी नवा संघ

मित्रहो, कॉलेजच्या प्रशिक्षकाची कारकीर्द कशी घडते हे सांगण्यासाठी मी मुद्दाम अमेरिकेतल्या हॉकी प्रशिक्षक कॅरेन शेल्टन यांचं उदाहरण घेतलं आहे. आपल्याकडे हॉकीचं नाव निघालं की ध्यानचंद आठवतात. तिथे सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे बर्फावरचा खेळ येतो. आपल्या हॉकीला तिथे 'फील्ड हॉकी' म्हणतात आणि कॉलेजांत ती मुख्यतः मुलीच खेळतात. कॉन्स्टन्स ॲपलबी या इंग्रज शिक्षिकेने १९०१ मध्ये हा खेळ तिकडे नेला. महिलांच्या कॉलेजांनी तो उचलून धरला आणि आजही त्याचा मुख्य आधार कॉलेजंच आहेत.

मला ज्यांच्याविषयी बोलायचं आहे त्या कॅरेन शेल्टन याच वाटेने आल्या. पेनसिल्व्हेनियातल्या वेस्ट चेस्टर कॉलेजने १९७५ पासून सलग चार वर्षं महिलांचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, त्या संघातल्या या खेळाडू. देशातल्या सर्वोत्तम कॉलेज हॉकीपटूला मिळणारा होंडा पुरस्कार त्यांना तीनदा मिळाला. पुढे राष्ट्रीय संघात निवड झाली आणि १९८० चं मॉस्को ऑलिंपिक समोर आलं. महिलांची हॉकी ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच खेळली जाणार होती. पण सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, अमेरिकेने बहिष्कार टाकला आणि या मुली घरीच राहिल्या. आपला महिला संघ तिथे गेला आणि चौथा आला. सुवर्णपदक मिळालं आयत्या वेळी बोलावलेल्या झिंबाब्वेला. खेळाडूच्या उमेदीची वर्षं मोजकी असतात. त्यातलं एक ऑलिंपिक राजकारणात गेलं, तर त्याची भरपाई कशानेही होत नाही असं मला वाटतं.

१९८१ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, शेल्टनबाई चॅपल हिल इथल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या. खेळणं मात्र त्यांनी सोडलं नाही. म्हणजे तीन वर्षं त्या एकीकडे मुलींना शिकवत होत्या आणि दुसरीकडे देशासाठी स्वतः सराव करत होत्या.

त्या सरावाचं फळ १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला मिळालं, तेही कसं बघा. सहा संघांची साखळी स्पर्धा होती. अमेरिकेचे सामने संपले होते आणि पदक आता दुसऱ्यांच्या हातात होतं. नेदरलँड्स विरुद्ध ऑस्ट्रेलिया हा शेवटचा सामना अमेरिकन मुली प्रेक्षकांत बसून बघत होत्या. नेदरलँड्सने तो २-० असा जिंकला आणि ऑस्ट्रेलिया-अमेरिका बरोबरीत आले. आता कांस्यपदकाचा निकाल पेनल्टी स्ट्रोकवर लागणार होता. प्रेक्षकांतून उठायचं, तयार व्हायचं आणि मैदानात उतरायचं! चेंडू गोलरेषेपासून ६.४ मीटरवर ठेवलेला, समोर एकटी गोलरक्षक. अमेरिकेने १०-५ अशी बाजी मारली.

त्या स्पर्धेत सर्वाधिक, आठ गोल केले होते बेथ अँडर्स यांनी. त्या शेल्टनबाईंच्या संघातल्या सहकारी, आणि कॉलेजच्या मैदानावर त्यांच्या सगळ्यात कडव्या प्रतिस्पर्धी. अँडर्स ओल्ड डोमिनियन विद्यापीठाच्या प्रशिक्षक होत्या आणि १९८२ पासून सलग तीन वर्षं त्यांनीच राष्ट्रीय विजेतेपद नेलं. शेल्टनबाईंना पहिल्या विजेतेपदासाठी १९८९ उजाडावं लागलं. नेमणुकीनंतर तब्बल आठ वर्षांनी! त्यांच्या संघाने अंतिम सामन्यात त्याच ओल्ड डोमिनियनला हरवलं. मग १९९०, १९९१, १९९३ आणि १९९४ या चारही वर्षी अंतिम फेरी गाठली आणि चारही वेळा हरले. विद्यापीठाने या काळात त्यांना बदललं नाही, याचं श्रेय मी विद्यापीठालाही देतो. १९९५ मध्ये त्यांचा संघ २४ पैकी २४ सामने जिंकून विजेता झाला. पुढची दोन वर्षंही विजेतेपद त्यांच्याकडेच राहिलं.

कॉलेजच्या प्रशिक्षकापुढची खरी अडचण सांगतो. पेनल्टी कॉर्नर, म्हणजे बचाव करणाऱ्या संघाच्या चुकीबद्दल मिळणारी गोलची संधी, हेच घ्या. एक मुलगी मैदानाच्या मागच्या रेषेवरून चेंडू ढकलते, दुसरी गोलसमोरच्या वर्तुळाबाहेर तो अडवते, तिसरी तो आत घेऊन फटका मारते. बचावाला गोलरक्षक धरून पाचच जणी, त्यातली पहिली चेंडू सुटताक्षणी थेट अंगावर धावून येते. ढकलणं जरा संथ झालं, किंवा अडवताना चेंडू काठीवरून वीतभर उसळला, की कॉर्नर वाया गेला. या तिघींचा मेळ बसायला सहज एक-दोन मोसम जातात. तो बसतो न बसतो तोच ढकलणारी पदवी घेऊन निघून जाते. कॉलेजकडून साधारण चारच मोसम खेळता येतं. म्हणून मे महिन्यात हाताशी असलेला संघ ऑगस्टमध्ये नसतो. क्लबच्या किंवा देशाच्या प्रशिक्षकाला तयार खेळाडू दहा-दहा वर्षं राखता येतो, ती सोय इथे नाही. शाळेतल्या मुली हेरायच्या, त्यांच्या पालकांशी बोलायचं, त्यांना आपल्याकडे आणायचं, हे काम वर्षभर चालूच. माझ्या मते कॉलेजच्या प्रशिक्षकाचं निम्मं यश इथेच ठरतं.

शेल्टनबाईंनी हे ४२ मोसम केलं. एकाच विद्यापीठात, दहा राष्ट्रीय विजेतेपदं, ७४५ विजय. २०१८ मध्ये उभ्या राहिलेल्या नव्या मैदानाला विद्यापीठाने त्यांचंच नाव दिलं. तरी उतार आलेच. १९९७ नंतरच्या विजेतेपदासाठी दहा वर्षं थांबावं लागलं. २०२१ मध्ये तर तीन वर्षांचे सलग विजेते राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाकडून हरले. पुढच्या वर्षी अंतिम सामना त्याच नॉर्थवेस्टर्नशी झाला. १-१ अशी बरोबरी, शेवटची दीड मिनिटं, आणि शेल्टनबाईंच्या संघातल्या एरिन मॅट्सनने विजयी गोल केला. तो मोसमही एकही पराभव न घेता संपला. त्यानंतर शेल्टनबाई निवृत्त झाल्या.

त्यांच्या जागी जानेवारी २०२३ मध्ये विद्यापीठाने नेमलं याच मॅट्सनला. वय २२. कालपर्यंत जिच्या शेजारी खेळलो तिचं ऐकायचं, हे मुलींनाही सोपं नव्हतं. अनेकांना ही निवड धाडसाची वाटली, मला ती विचारपूर्वक केलेली वाटते. संघाच्या पद्धती, सरावातली शिस्त, कोणत्या मुलीला कधी काय सांगायचं, हे सगळं तिने आतून पाहिलं होतं. पहिल्याच मोसमात तिचा संघ राष्ट्रीय विजेता झाला. २०२४ मध्ये तो उपांत्य फेरीत सेंट जोसेफ्सकडून हरला. विजयापाठोपाठची हार कशी पचवायची, तो धडा आता तिचा तिलाच गिरवायचा आहे.