तोफ, मेण आणि पंखांची बस

नमस्कार मंडळी! आज बोलूया रूपांतराच्या शिल्पांबद्दल, म्हणजे जिथे एका गोष्टीचं दुसरं काहीतरी होतं. 2010 सरता सरता वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत एक तोफ आली होती. सिनेमाच्या सेटवर नाही, कलाप्रदर्शनात. थोड्या थोड्या वेळाने ती समोरच्या कोपऱ्यात लाल मेणाचा गोळा डागायची. धप्प! मेण भिंतीला चिकटायचं, घसरायचं, खाली ढीग वाढत जायचा. कलाकृतीचं नाव 'शूटिंग इन्टू द कॉर्नर', शिल्पकार अनिश कपूर, 1954 साली मुंबईतच जन्मलेले.

आता यात शिल्प कुठलं? तोफ की ढीग? सकाळी बघून गेलेल्याला आणि संध्याकाळी आलेल्याला एकच ढीग दिसला नाही. कपूरनी आकार घडवलाच नाही. तो घडत राहील एवढी सोय केली आणि बाजूला झाले.

कमेंटमध्ये गणपती विसर्जन येणार, मला माहितीये! पण तिथे मूर्ती आधी पूर्ण होते, मग विरघळते. इथे 'पूर्ण' नावाची पायरीच नाही.

आणि मेणच का? ब्राँझचा पुतळा ओतायच्या जुन्या पद्धतीत आधी मेणाचा आकार करतात. त्यावर साचा चढवायचा, तापवायचं, मेण वितळून बाहेर, त्या पोकळीत धातू. म्हणजे मेण कामापुरतं. कपूरनी त्या कामापुरत्यालाच मुख्य करून टाकलं.

रूपांतराचं प्रत्येक शिल्प असं हलतं-वितळतं असतं असं नाही. सुदर्शन शेट्टींनी 2012 मध्ये बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, डबल डेकर बसला धातूचे पंख लावले. जितिश कल्लाटांनी 2007 मध्ये रेझिनच्या हाडांची अख्खी रिक्षा केली, 'ऑटोसॉरस ट्रायपस'. मला विचाराल तर रिक्षा सरस. बस फोटोत छान येते. रिक्षा बघताना मात्र आपलीच मुंबई कुणीतरी उकरून काढल्यासारखी वाटते. पण दोन्हीकडे बदल आधीच उरकलाय, आपण फक्त निकाल बघतो.

दुसरं टोक म्हणजे स्विस कलाकार उर्स फिशर. 2011 च्या व्हेनिस बिएनालेत (दर दोन वर्षांनी भरणारं मोठं कलाप्रदर्शन) त्याने जाम्बोलोन्या या शिल्पकाराच्या सोळाव्या शतकातल्या संगमरवरी शिल्पाची मेणात हुबेहूब प्रतिकृती केली, आत वाती घातल्या आणि पेटवून दिली! शेजारी एका चित्रकार मित्राचा पुतळा, तोही मेणाचा, तोही जळतोय. प्रदर्शन चालू असतानाच हात-डोकी गळून पडत गेली.

2021 मध्ये पॅरिसच्या बूर्स द कॉमर्स या कलासंग्रहालयात तेच शिल्प पुन्हा उभं राहिलं आणि पुन्हा पेटलं. मग असं काम विकत घेणारा नेमकं काय घेतो? माझ्या मते, ते पुन्हा जाळायचा हक्क.