‘शेप’मधला ‘एस’: एएफएमसीचा कॅडेट ‘झोप लागत नाही’ हे सांगत का नाही?

नमस्कार मंडळी. समजा, लातूरला दोन वर्षं घासून एखादं पोरगं नीटमध्ये चमकलं. त्यावर परत इंग्रजी आणि तर्काची परीक्षा, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत, मेडिकल. एवढं सगळं पार करून पुण्यात वानवडीला, एएफएमसीत, म्हणजे सैन्याचे डॉक्टर घडवणाऱ्या मेडिकल कॉलेजात लागलं. फी नाही. गल्लीत पेढे वाटले. आणि सहा महिन्यांत त्याची झोप उडाली. सांगणार कुणाला?

एएफएमसी 1948 सालचं, एमबीबीएस तिथं 1962 पासून. विद्यापीठ नाशिकचंच, पुण्यातल्या बीजे या सरकारी मेडिकल कॉलेजच्या पोरांचं आहे तेच. म्हणजे अभ्यासात सूट काही नाही. वर पहाटेची पीटी, ड्रिल, हजेरी, चकाचक बूट. रात्री जागून बायोकेमिस्ट्री वाचली म्हणून सकाळचं मैदान थांबत नाही.

पण दमणूक हा त्यातल्या त्यात सोपा भाग. वय असतं, शरीर सोसतं.

अवघड काय, तर शिकवणारे सर कर्नल असतात. सीनियर उद्या वरच्या रँकवर भेटणार असतो. शेवटी कायमचं कमिशन, म्हणजे सैन्यातलं कायमचं अधिकारीपद, की 7 वर्षांचं शॉर्ट सर्व्हिस, हे मेरिटवर ठरतं, त्यामुळे शेजारच्या कॉटवरचा जिगरी दोस्त स्पर्धकही असतो. सोडून जावं म्हटलं तर बाँडचे लाखो रुपये. आणि घरी सांगावं, तर आई म्हणते, ‘अरे, सरकार फुकट शिकवतंय, लोक तरसतात!’ या एका वाक्यानं पोरगं गप्प बसतं. रडायचीही लाज वाटायला लागते.

आता मुद्द्याचं.

[पडद्यावर: एस – एच – ए – पी – ई]

सैन्यात माणसाची तब्येत ‘शेप’वर मोजतात. एच म्हणजे कान, ए म्हणजे हातपाय, पी शरीराची क्षमता, ई डोळे. आणि पहिलंच अक्षर, एस, म्हणजे मन. शेप-1 म्हणजे सगळं ठणठणीत. कॅटेगरी खाली गेली की पोस्टिंग, कोर्स, बढती, सगळ्यावर सावली पडते. गुडघा दुखला तर माणूस सांगतो. खेळताना लागलं, त्यात काय! ‘एस’ला हात लावायला मात्र जो तो घाबरतो. कॅडेट तर हे सगळं पुस्तकातच शिकतो. डिप्रेशनची लक्षणं त्याला तोंडपाठ असतात, म्हणून लपवायचं कसं हेही नेमकं कळतं.

सैन्याची बाजूही खरी आहे, बरं का. ज्याच्या हाती शस्त्र किंवा जखमी जवान द्यायचाय, त्याचं मन तपासायलाच हवं. आणि खालची कॅटेगरी म्हणजे कपाळावरचा शिक्का नव्हे. तात्पुरती असली तर ठरावीक काळानं परत तपासतात, सुधारतेही. अडचण आहे ती उशिराची. झोपेची साधी तक्रार वेळेत सांगितली, तर बऱ्याचदा बोलण्यावरच निभावतं. भीतीपोटी वर्षभर दाबली, की मग मेडिकल बोर्डासमोर जायची वेळ येते.

डिसेंबर 2023 मध्ये सशस्त्र दलांसाठी टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, खास कक्ष सुरू झाला. कुठं माहितीये? एएफएमसीतच! नंबर 14416, चोवीस तास. रात्री दोनला लावा, मराठीत बोला. आईवडिलांनाही हा नंबर चालतो. पोरगं रविवारी फोनवर नुसतं ‘हो, बरं आहे’ म्हणायला लागलं असेल, तर आधी तुम्हीच लावून बघा.