पेशीचे पटल, पाणी आणि मीठ

श्रोतेहो, नमस्कार.

उन्हाळ्यात आपल्या खाडीकाठच्या तिवराच्या पानावरून बोट फिरवले, तर मिठाचे बारीक कण हाताला लागतात. खाऱ्या पाण्यातले बहुतांश मीठ या झाडाची मुळे बाहेरच अडवतात आणि जे आत शिरते, ते पानांवरील ग्रंथी बाहेर टाकतात. मुळांतील मेणचट थरांचा यात वाटा आहेच. पण खरी निवड होते ती पेशीच्या पटलापाशी. मेदरेणूंच्या या दुहेरी थराची जाडी जेमतेम 5 नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दोन लाखावा भाग. पाण्याचा रेणू त्यातून सावकाश का होईना, पार होतो. मिठातील सोडियमच्या आयनाभोवती, म्हणजे विद्युतभार असलेल्या अणूभोवती, मात्र पाण्याचे पाच-सहा रेणू बिलगलेले असतात आणि त्यांना सोडून तेलकट थरात शिरायला इतकी ऊर्जा लागते, की त्याला वाट जवळजवळ बंदच असते.

हे घडताना डोळ्यांनी पाहता येत नाही, म्हणून ते संगणकावर घडवतात. प्रत्येक अणूवरचे बल काढायचे, न्यूटनच्या नियमाने त्याला किंचित पुढे सरकवायचे आणि पुन्हा बल काढायचे. एक पाऊल साधारण 2 फेम्टोसेकंदांचे असते; फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचाही दहा लाखावा भाग. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाचे चित्र हवे असेल, तर अशी 50 कोटी पावले टाकावी लागतात. हैदराबादेत जन्मलेल्या अनीसुर रहमान यांनी 1964 मध्ये द्रवरूप आर्गॉनच्या 864 अणूंची हालचाल या रीतीने मांडली आणि 1971 मध्ये फ्रँक स्टिलिंजर यांच्यासह पाण्याची. आजची पटलांची गणिते त्याच वाटेवरची आहेत.

मात्र संगणकाने दाखवले म्हणून ते खरे मानू नये, असे मी आग्रहाने सांगेन. अशा गणितांच्या अनेक प्रारूपांत (मॉडेलांत) सोडियम पटलाच्या पृष्ठभागाला फारच चिकटलेला दिसे. चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रांचा प्रतिसाद मोजणाऱ्या चुंबकीय अनुनादाच्या प्रयोगांत मात्र तो तिथे क्वचितच टिकतो. दोष प्रारूपात होता. भोवतालच्या पाण्यातील इलेक्ट्रॉन सरकून आयनाच्या विद्युतभाराचा प्रभाव सौम्य करतात, ही गोष्ट ठरीव भारांच्या हिशेबात धरलेलीच नव्हती. आयनांचा भार सुमारे तीन चतुर्थांश धरला, की सोडियमचे हे चिकटणे कमी होऊन उत्तर प्रयोगाच्या जवळ येते. कॅल्शियमचे तसे नाही. समुद्राच्या पाण्यात तो सोडियमहून कितीतरी कमी असला, तरी त्याच्यावर दुहेरी भार असल्यामुळे तो मेदरेणूंच्या टोकाकडील ऋणभारित फॉस्फेट गटाला खरोखरच अधिक घट्ट धरून राहतो.