हिशेबाची वही

ठाण्याच्या तीन हात नाक्यावर, उड्डाणपुलाखाली, दोन्ही अंगांनी धावणाऱ्या गाड्यांच्या मधोमध जी दिसते आहे, ती शाळा आहे. सिग्नलवर गजरे आणि खेळणी विकणाऱ्या, गाव सोडून शहरात आलेल्या कुटुंबांच्या मुलांसाठी समर्थ भारत व्यासपीठ आणि ठाणे महानगरपालिका यांनी २०१६ साली ती सुरू केली. नौपाड्यात वाढलेली एक तरुणी कॉलेजला जाताना याच नाक्यावरून रोज गेली. शाळा तिच्या नजरेस पडत होती. तिथे थांबावेसे मात्र कधी वाटले नाही. ते तिला टांझानियाहून परतल्यावर वाटले.

पदवी मिळाल्यावर तीन महिन्यांसाठी ती किलिमांजारोच्या पायथ्याशी, मोशी शहराजवळच्या एका प्राथमिक शाळेत स्वयंसेवक म्हणून गेली. सामानात पेन्सिली आणि खोडरबर भरून घेतले होते, कारण गरिबी म्हणजे वस्तूंची उणीव आणि शिक्षण म्हणजे आपल्याजवळचे थोडे दुसऱ्याला देणे, अशी तिची प्रामाणिक समजूत होती. पहिल्याच दिवशी एका मुलीने तिच्याकडे ‘कलामु’ मागितले आणि काय हवे आहे ते तिला न विचारताच कळले. स्वाहिलीत लेखणीला कलामु, वहीला दफ्तारी आणि गणिताला हेसाबु म्हणतात. अरबीतून निघालेले हे शब्द तिकडे समुद्रमार्गे पोहोचले आणि आपल्याकडे फारसीच्या वाटेने येऊन कलम, दफ्तर आणि हिशेब झाले.

तिथल्या बाईंनी तिला खडू दिला नाही. तू जाणार आहेस, मी इथेच राहणार आहे, तेव्हा आधी माझ्या वर्गात बस, एवढेच त्या म्हणाल्या. ती बसली, आणि आमच्या मते तिच्या तीन महिन्यांतले सगळ्यांत मोलाचे दिवस तेच होते.

शेवटच्या बाकावरचा एक मुलगा आठवड्यातून दोनदा गैरहजर असे. त्याची वही तिने उघडली. प्रत्येक पानावर आधी पेन्सिलीने गणिते सोडवलेली होती आणि त्याच ओळींवर पुन्हा पेनाने दुसरी गणिते लिहिलेली होती, म्हणजे एकच वही दोनदा वापरलेली. मागच्या पानावर बेरीज, वजाबाकी, भागाकार यांचे इंग्रजी शब्द ओळीने उतरवलेले होते. टांझानियात सरकारी प्राथमिक शाळा स्वाहिलीतून चालते आणि माध्यमिक शाळा इंग्रजीतून. प्राथमिकची फी या शतकाच्या सुरुवातीला आणि माध्यमिकच्या पहिल्या चार वर्षांची २०१६ पासून रद्द झाली असली, तरी भाषेचा हा उंबरा तसाच आहे. मक्याच्या शेतात राबावे लागणारा तो मुलगा त्याची तयारी एकट्याने करत होता.

त्या पानाने तिला स्वतःची अकरावी आठवली. दहावीपर्यंत मराठी माध्यमात पहिल्या पाचांत असलेली ही मुलगी विज्ञान शाखेच्या वर्गात वर्षभर एकही प्रश्न विचारू शकली नव्हती आणि आपण ‘ढ’ आहोत असे मनाशी धरून बसली होती. जी गोष्ट दूर देशातल्या मुलाच्या वहीत तिला स्वच्छ दिसली, ती तिच्या स्वतःच्या आयुष्यात घडून गेली होती.

परतल्यावर तिने ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्याविषयी पुन्हा वाचले. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, बोर्डी आणि कोसबाडला, या दोघींनी अंगणवाडी घडवली आणि गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. शाळेत असताना हे तिने ‘टीपा लिहा’साठी पाठ केले होते. मूल शाळेपर्यंत का पोहोचत नाही, हे त्याच्या दिवसाच्या कामात शोधायचे असते, हा त्यातला अर्थ मोशीतल्या त्या रिकाम्या बाकाने तिच्या ध्यानात आणून दिला.

आता दर शनिवारी आणि रविवारी ती कळव्यातल्या नाका कामगारांच्या वस्तीत शिकवते. पेन्सिली ती आजही नेते, पण त्या पिशवीतून सर्वांत शेवटी निघतात. मागच्या महिन्यात चौथीतली एक मुलगी दोन आठवडे आली नाही, तेव्हा ती तिच्या घरी गेली. आई मिस्त्रीच्या हाताखाली कामाला गेली होती आणि मुलगी दारात धाकट्या भावाला मांडीवर घेऊन बसली होती.

“ताई, हा झोपला की येते,” ती म्हणाली.

तो झोपला नाही. त्या दिवशीचा वर्ग त्याच दारात भरला. सहा मुले, एक सतरंजी, आणि वहीचा कोपरा तोंडात घालू पाहणारा तो भाऊ.