नगरपालिकेची जागा आणि ऐनवेळचा विषय

मंडळी, गावात एखादं मैदान मोकळं पडलेलं दिसलं की आपण बिनधास्त म्हणतो, 'ती नगरपालिकेची जागा.' पुष्कळदा ती पालिकेची नसतेच. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 प्रमाणे जी जमीन कुणाच्याच खासगी मालकीची नाही ती राज्य सरकारची. नदीपात्र, नाले, गायरान ही त्यातलीच. पालिकेकडे येते ती सरकारनं सोपवलेली, तिनं विकत घेतलेली किंवा विकास आराखड्यासाठी (गावात रस्ते, बागा, शाळा कुठे हव्यात हे ठरवणाऱ्या नकाशासाठी) संपादन केलेली जागा. त्यामुळे अतिक्रमणाची तक्रार घेऊन तुम्ही मुख्याधिकाऱ्यांकडे गेलात की ते तहसील कार्यालयाकडे बोट दाखवतात, आणि तहसीलमध्ये सांगतात, 'ते पालिकेच्या हद्दीत येतं.' गंमत म्हणजे दोघंही खरंच बोलत असतात. हद्द पालिकेची, जमीन सरकारची!

म्हणून आधी नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, काढा. 'धारक' आणि 'सत्ता प्रकार' (जमीन कोणत्या हक्कानं धारण केली आहे) हे दोन रकाने वाचा, मग खालच्या फेरफार नोंदी. कोणत्या तारखेला, कोणाच्या आदेशानं काय बदललं ते तिथे असतं. अर्ज लिहायचा तो हे वाचल्यावर.

आता जागा खरोखरच पालिकेची निघाली असं समजू. तरी नगरसेवकांना ती मनाला येईल तशी देता येत नाही. नगरपरिषदांचा 1965 चा अधिनियम आहे, त्याचं कलम 92 बघा. स्थावर मालमत्ता हस्तांतरित करायची तर ठराव हवा आणि वरून मंजुरीही हवी. भाडेपट्टा पालिकेला स्वतःच्या अधिकारात देता येतो, पण तीन वर्षांपर्यंतच, आणि त्या जागेवर भाडेकरूनं पक्कं बांधकाम करायचं नाही. मग बाजारातले गाळे एकाच घराकडे पिढ्यान्‌पिढ्या कसे? मुदत संपते, फेरलिलाव कुणी काढत नाही, जुनंच भाडं जमा होत राहतं, आणि आत बसलेला माणूस बऱ्याचदा पोटभाडेकरू असतो. कायदा कमी पडला असं मला वाटत नाही. लिलाव काढला की ओळखीची माणसं दुखावतात, आणि लहान गावात सगळेच ओळखीचे.

सभेची विषयपत्रिका आधी निघते. ती वाचून कुणी चौकशी करेल, विरोध करेल. जागेचा नाजूक विषय मात्र कित्येकदा तिच्यात नसतोच. तो शेवटी, 'ऐनवेळचे विषय' म्हणून येतो. निम्मे सदस्य चहाला उठलेले असतात, सूचक आणि अनुमोदकाचं नाव लागतं, 'सर्वानुमते मंजूर' असं इतिवृत्तात उमटतं. त्यामुळे विषयपत्रिकेवर थांबू नका, इतिवृत्ताची प्रत मागा. ठराव बेकायदेशीर असेल तर त्याच 1965 च्या अधिनियमाच्या कलम 308 खाली जिल्हाधिकाऱ्यांना त्याची अंमलबजावणी थांबवता येते. पण ठराव झालाय हे त्यांना कुणीतरी कळवायला हवं ना!

सरकारची जागा झाली, पालिकेची झाली; तिसरा प्रकार आरक्षणांचा, आणि खरं नुकसान इथे होतं. आराखड्यात खासगी जमिनीवर बाग, शाळा, खेळाचं मैदान असं आरक्षण पडतं. प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 चं कलम 127 असं आहे की, अंतिम आराखडा लागू झाल्यापासून 10 वर्षांत जमीन घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर 24 महिन्यांत जमीन संपादन झाली नाही किंवा संपादनाची पावलं पडली नाहीत, तर आरक्षण उठतं. नुसता प्रस्ताव वर पाठवून भागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2007 मध्ये गिरनार ट्रेडर्स प्रकरणात स्पष्ट केलं. 'क' वर्ग, म्हणजे लहान गावाच्या पालिकेला पगार भागवताना नाकी नऊ येतात, ती भूसंपादनाचा मोबदला कुठून देणार? पैशांऐवजी टीडीआर द्या, म्हणजे जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क द्या, हा शहरी उपाय. पण जिथे तीनमजली इमारत उठून दिसते तिथे टीडीआर विकत घेणार कोण? नोटीस आवक विभागात पडून राहते, मुदत टळते, मैदान नकाशावरून पुसलं जातं. त्यात कुणी पैसे खाल्लेच पाहिजेत असंही नाही. फाईल हलली नाही, एवढं पुरतं.

प्रारूप, म्हणजे कच्चा, विकास आराखडा प्रसिद्ध झाला की त्याच नगररचना अधिनियमाच्या कलम 26 खाली हरकती-सूचनांसाठी 30 दिवस मिळतात. जाहिरात राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रात येते, नकाशा पालिकेत पाहायला ठेवतात. जाताना आपल्या भागाचे सर्व्हे नंबर लिहून न्या, कारण नकाशावर ओळखीची गल्ली पटकन सापडत नाही. जुन्या आराखड्यातली आरक्षणं नव्यात कुठे सरकली, कुठे आक्रसली ते ताडून बघा. जे खटकेल ते सर्व्हे नंबर घालून लेखी द्या, सुनावणी हवी असं त्यातच लिहा, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. पोचेवर आवक क्रमांक आणि तारीख हवी. नुसता शिक्का मारून दिला तर परत करा.