गिऱ्हाईक शेजारी बसलेलं असताना: कोरल आणि फोटोशॉपचे कामाचे शॉर्टकट

[कॅमेऱ्याकडे बघून]

नमस्कार मंडळी!

नाशिकमधल्या कुठल्याही फ्लेक्सच्या दुकानात संध्याकाळी सातच्या सुमारास जाऊन उभे राहा. ऑपरेटरच्या खुर्चीला लागून एक प्लास्टिकचं स्टूल असतं आणि त्यावर गिऱ्हाईक बसलेलं असतं. नजर स्क्रीनवर, तोंड चालू. "भाऊ, दादांचा फोटो मोठा करा. अजून. अजून थोडा. नाव मधोमध घ्या. ते लाल जरा मागे टाका. पूर्ण कसं दिसतंय दाखवा. नको, आधीचंच बरं होतं."

आजचा व्हिडिओ या वाक्यांवर आहे. कोरलड्रॉ, म्हणजे आपलं कोरल, आणि फोटोशॉप या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक वाक्याला एक बटण आहे. वाक्य संपायच्या आत ते बटण दाबलं गेलं, तर गिऱ्हाईक पुढच्या गोष्टीवर जातं. तुम्ही मेनूत शोधत बसलात, तर तेवढ्या वेळात त्याला आणखी दोन बदल सुचतात. हा खरा तोटा आहे.

शंभर शॉर्टकटचा तक्ता भिंतीवर चिकटवलेला मी बऱ्याच ठिकाणी बघितलाय. त्यावर धूळ असते. तक्ता पाठ करून हात वेगाने चालत नाही. त्यामुळे इथे यादी मिळणार नाही. एक वाढदिवसाचा फ्लेक्स घेऊ, १० बाय ६ फुटांचा, आणि तो करता करता बघू.

[स्क्रीनवर: कोरलड्रॉ, कोरं पान, १० बाय ६ इंच]

पान इंचात घेतलंय, कारण आपल्याकडे फुटाला इंच धरूनच काम चालतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा एक झोल आहे.

पहिलं वाक्य: "पूर्ण कसं दिसतंय दाखवा." एफ फोर. पानावर आणि पानाबाहेर जे काही ठेवलंय ते सगळं स्क्रीनमध्ये मावतं. फक्त पान हवं असेल तर शिफ्ट एफ फोर. एक फोटो निवडून तेवढाच जवळून बघायचा असेल तर शिफ्ट एफ टू. मला विचाराल तर कोरलमध्ये नवीन माणसाने आधी हे तीनच शिकावेत. टूल बदलायला आपण जितका वेळ घालवतो, त्यापेक्षा जास्त वेळ इकडेतिकडे सरकण्यात आणि झूम करण्यात जातो. माउसचं चाक फिरवत फिरवत हरवलेला माणूस एफ फोर दाबून लगेच घरी येतो.

फक्त एफ फोर दाबताना अंगठा ऑल्टवर नाही ना, ते बघा. ऑल्ट एफ फोर म्हणजे दुकान बंद. सेव्ह करू का, असं कोरल विचारतं तेवढं बरं.

"नाव मधोमध घ्या." नाव निवडा आणि नुसतं पी दाबा. कंट्रोल नको, काही नको. नाव पानाच्या बरोबर मध्यावर. फोटोच्या खाली मधोमध हवं असेल तर आधी नाव निवडा, मग शिफ्ट धरून फोटो, आणि सी दाबा. दोघं एकाखाली एक मधोमध येतात. एका ओळीत, सारख्या उंचीवर हवेत तर ई. डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून जुळवायचं तर एल, आर, टी, बी.

इथे एक नियम आहे आणि तो माहीत नसल्यामुळे लोक वैतागतात. शेवटी निवडलेली वस्तू जागची हलत नाही, बाकीच्या तिच्याकडे येतात. म्हणून साहेबांचा फोटो नेहमी शेवटी निवडायचा. साहेब हलत नाहीत, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आणखी एक. पी दाबलं आणि नावाच्या शेवटी "पी" टाइप झालं, तर तुम्ही अजून टेक्स्ट टूलमध्ये आहात. कंट्रोल स्पेस दाबा, वस्तू निवडायचं पिक टूल येतं. इतर टूलमध्ये असाल तर नुसता स्पेसबार पुरतो, आणि परत स्पेसबार दाबलात की आधीचं टूल. आयत काढताना एफ सिक्स, गोल काढताना एफ सेव्हन, मॅटर म्हणजे मजकूर टाकताना एफ एट आणि मधेमधे स्पेसबार. डाव्या बाजूच्या टूलबॉक्सकडे जायचं कारणच उरत नाही.

"लाल मागे टाका." कंट्रोल पेज डाउन एक पायरी मागे नेतं, शिफ्ट पेज डाउन त्या लेअरमध्ये, म्हणजे थरात, सगळ्यात मागे. पुढे आणायला तेच, पेज अप. मागे गेलेली वस्तू परत निवडायची, पण वर दुसरीच पसरलीय? ऑल्ट धरून क्लिक करा, खालची निवडली जाते. ग्रुपमधली एकच वस्तू हवी तर कंट्रोल धरून क्लिक. वीस वेळा अनग्रुप करून परत ग्रुप करणारे ऑपरेटर मी पाहिलेत, त्यांच्यासाठी हे खास सांगतोय.

[कॅमेऱ्याकडे]

आता येते शुभेच्छुकांची रांग. फ्लेक्सच्या खाली लहान लहान गोलात वीस-बावीस चेहरे, प्रत्येकाखाली नाव. कोणाचा गोल दोन मिलिमीटर लहान झाला तरी तक्रार दुकानापर्यंत येते.

[स्क्रीनवर: एक गोल, खाली नाव]

एक गोल आणि त्याखालचं नाव नीट तयार करा, कंट्रोल जी करून ग्रुप करा. आता कंट्रोल धरून तो उजवीकडे ओढा, म्हणजे सरळ रेषेत जाईल. डावं बटण सोडायच्या आधी उजवं क्लिक करा. कॉपी पडली. आता कंट्रोल आर. परत कंट्रोल आर. जेवढ्या वेळा दाबाल तेवढे गोल, सगळे सारख्या अंतरावर. मोजपट्टी नाही, गाईड नाही.

मग ऐन वेळी फोन येतो, "अजून दोन नावं राहिली." दोन कॉपी करून टोकाला टाका, पहिला आणि शेवटचा गोल हव्या त्या जागी ठेवा, सगळी रांग निवडा आणि शिफ्ट पी. मधलं अंतर आपोआप सारखं वाटलं जातं. रांग वरखाली झाली असेल तर बी. रात्री साडेनऊला हे दोन शॉर्टकट देवासारखे वाटतात.

चेहरे गोलात टाकायचं काम पॉवरक्लिपचं. फोटो उजव्या बटणाने ओढून गोलावर सोडा, मेनू येतो, त्यात पॉवरक्लिप इनसाइड असतं. दिवसातून पन्नास वेळा करायचं असेल तर मात्र त्याला स्वतःचा शॉर्टकट द्या. तो कसा द्यायचा ते शेवटी सांगतो. आत गेलेला फोटो सरकवायचा तर कंट्रोल धरून गोलावर क्लिक करा, आत शिराल. काम झालं की बाहेर रिकाम्या जागेवर कंट्रोल क्लिक.

आता तो झोल. नावाला पांढरी आउटलाइन दिलीत, १० इंचांच्या पानावर छान दिसतेय. ती फाइल कोणी फुटांत मोठी केली की अक्षरं बारा पट होतात आणि आउटलाइन तेवढीच राहते. छापून आल्यावर ती दिसतच नाही. म्हणून एफ ट्वेल्व्ह दाबा आणि त्या चौकटीत स्केल विथ ऑब्जेक्टवर टिक करा. किंवा फाइल देण्याआधी कंट्रोल शिफ्ट क्यू करून आउटलाइनचीच वस्तू बनवा.

क्यूवरून आठवलं, नुसतं कंट्रोल क्यू. मराठी काम करणाऱ्याचा हा सगळ्यात मोठा मित्र आणि तितकाच मोठा शत्रू. अक्षरांचे कर्व्ह होतात, म्हणजे ती टेक्स्ट न राहता नुसते आकार बनतात, आणि मग समोरच्याकडे तुमचा फॉन्ट असो-नसो, "श्री" हा "श्री"च छापला जातो. आपल्याकडे जुन्या मराठी फॉन्टवर अजून इतकं काम चालतं, की कर्व्ह न करता फाइल बाहेर पाठवणं म्हणजे संकट ओढवून घेणं. द्राक्षाच्या हंगामात हे फार होतं. निफाड, दिंडोरी, पिंपळगावकडून बॉक्सच्या डिझाइनची कामं येतात. डिझाइन इथे होतं, खोका दुसरीकडे छापला जातो, आणि तिकडच्या कॉम्प्युटरवर "सोनाका" या द्राक्षाच्या नावाचं इंग्रजी अक्षरांचं कडबोळं होतं.

पण कर्व्ह केलेलं परत टाइप करता येत नाही. त्यामुळे क्रम असा: आधी कंट्रोल एस, मग कंट्रोल शिफ्ट एस करून दुसऱ्या नावाने फाइल, मग त्या दुसऱ्या फाइलमध्ये कंट्रोल ए, कंट्रोल क्यू. आणि डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. लॉक केलेल्या वस्तू, पॉवरक्लिपच्या आतलं मॅटर, दुसरं पान यातलं काही ना काही राहून जातं. फाइल मेनूत डॉक्युमेंट प्रॉपर्टीज उघडा. तिथे फाइलमध्ये टेक्स्ट शिल्लक आहे का, कुठला फॉन्ट आहे, ते लिहिलेलं असतं. टेक्स्ट काहीच नाही असं आलं की मगच पाठवा.

[स्क्रीनवर: फोटोशॉप]

फोटोशॉपकडे थोडक्यात जाऊ, कारण आपल्या कामात त्याचा मुख्य उपयोग फोटो कापण्यापुरता असतो. मास्कवर, म्हणजे फोटोचा नको तो भाग झाकणाऱ्या थरावर, काम करताना ब्रश लहान-मोठा करायला चौकोनी कंसाची दोन बटणं, शिफ्ट धरलं की त्याच बटणांनी कडा मऊ किंवा कडक. डी दाबलं की काळा-पांढरा, एक्स दाबलं की अदलाबदल. केस जास्त कापले गेले? एक्स, परत आणा, परत एक्स. स्पेस धरून सरका. डावा हात कीबोर्डवर, उजवा माउसवर, दोघांनी आपापली जागा सोडायची नाही.

ब्रशचा गोल अचानक गायब होऊन बारीक फुलीसारखं काहीतरी आलं, तर सॉफ्टवेअर परत टाकू नका. कॅप्स लॉक चालू आहे.

जुन्या लोकांचा हात जिथे चुकतो ती गोष्ट वेगळी आहे. फोटो मोठा करताना कंट्रोल टी करून शिफ्ट धरायची सवय आपल्याला लागलेली. फोटोशॉपच्या २०१९ च्या आवृत्तीपासून हे उलटं झालं. आता काही न धरता फोटो प्रमाणात मोठा होतो आणि शिफ्ट धरलं की बेढब होतो. साहेबांचा चेहरा आडवा पसरतो आणि का ते कळत नाही. प्रेफरन्सेसच्या जनरलमध्ये युज लेगसी फ्री ट्रान्सफॉर्म आहे, तिथे टिक केली की जुनी सवय चालते. त्याच आवृत्तीत कंट्रोल झेडने एकामागून एक मागे जाता यायला लागलं. पूर्वी ते एकच पाऊल मागे-पुढे करायचं आणि खूप मागे जायला कंट्रोल ऑल्ट झेड लागायचं. हा बदल मात्र शंभर टक्के चांगला. "आधीचंच बरं होतं" म्हणणाऱ्यांची सोय झाली.

दोन्ही सॉफ्टवेअर एकदम उघडी ठेवणाऱ्यांनी कंट्रोल डी जपून वापरा. कोरलमध्ये त्याने कॉपी पडते, फोटोशॉपमध्ये सिलेक्शन जातं.

[कॅमेऱ्याकडे, जरा जवळ]

आता मराठी टायपिंग करणाऱ्यांचा खास त्रास. विंडोजमध्ये इंग्रजी आणि मराठी असे दोन कीबोर्ड घातले, की डावं ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबल्यावर भाषा बदलू शकते. आणि डिझाइन करताना आपण ऑल्ट-शिफ्ट दिवसभर दाबतो. नकळत कीबोर्ड मराठी होतो. मग नावात भलतीच अक्षरं उमटतात, एका अक्षराचे शॉर्टकट अनेकदा दगा देतात. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डमध्ये चौकोनी कंसाच्या जागी "ड" बसलाय, तो ब्रशचा आकार कुठून बदलणार! लोक कीबोर्ड खराब झाला म्हणून नवा आणतात.

उपाय मिनिटाचा आहे. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, त्यात टायपिंग, मग ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज, मग इनपुट लँग्वेज हॉट कीज. चेंज की सीक्वेन्स दाबा आणि दोन्हीकडे नॉट असाइन्ड करा. भाषा बदलायला विंडोजचं बटण आणि स्पेस आहेच. ते चुकून दाबलं जात नाही.

लॅपटॉपवाल्यांनो, एफ फोर दाबल्यावर आवाज किंवा उजेड कमी-जास्त होत असेल, तर बऱ्याच लॅपटॉपवर एफएन आणि एस्केप एकत्र दाबून ते बदलता येतं. त्याशिवाय कोरल चालवणं म्हणजे हाल.

राहिलं स्वतःचा शॉर्टकट देणं. कोरलमध्ये टूल्स, ऑप्शन्स, कस्टमायझेशन, कमांड्स. पॉवरक्लिपची प्लेस इनसाइड फ्रेम ही कमांड शोधा, शॉर्टकट कीजचा टॅब उघडा, हवं ते बटण दाबा, असाइन. ते बटण आधीच कोणाचं असेल तर कोरल तिथेच दाखवतं. निवडताना डाव्या हाताला पोचणारं बटण घ्या. ॲपलच्या लिसा कॉम्प्युटरवर १९८३ मध्ये अनडू, कट, कॉपी, पेस्टला झेड, एक्स, सी, व्ही दिलेली होती, डावीकडे एका ओळीत. तोच हिशेब आपणही लावायचा. माझ्याकडे पॉवरक्लिप कंट्रोल आणि एकच्या बटणावर आहे.

त्याच टॅबमध्ये व्ह्यू ऑल आहे. तिथून सगळी यादी छापता येते. पण भिंतीवर लावू नका, आठवड्यात ज्या बटणासाठी माउस मेनूकडे गेला तेवढ्यावरच पेनने खूण करा.

आणि दुकान बदलणाऱ्या ऑपरेटरांनी वर्कस्पेस, म्हणजे कोरलमधली तुमची मांडणी आणि शॉर्टकट, एक्सपोर्ट करून पेन ड्राइव्हवर ठेवा. २०२७ च्या सिंहस्थाची कामं येतील तेव्हा एका दुकानातून दुसऱ्या दुकानात मदतीला जावं लागेल. तिथल्या कोरलमध्ये तो इम्पोर्ट केला की तुमचे शॉर्टकट तिथेही हजर. निघताना त्यांचा मूळ वर्कस्पेस परत निवडून द्यायला विसरू नका, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या ऑपरेटरचा फोन येईल.